मागची बाजू

गावित सिस्टरची बदली पेठला झाली
तेव्हा सगळं सामान टेम्पोत चढल्यावर
उरलेली ही एक कुंडी तिनं माझ्या हातात दिली.
"काका, नेचा आहे. आमच्याकडे ओढ्याच्या दगडाला
कुणी न लावता येतो.
इथं मात्र जपावा लागतो."
ऊन नको, म्हणाली, तहान नको,
आणि लाड तर मुळीच नकोत.

पहिल्या दोन गोष्टी मी लिहून घेतल्या.

जेल रोडवर दुसऱ्या मजल्यावरचं घर,
उत्तरेची एकच खिडकी, तीही स्वयंपाकघराची.
पोळपाट सरकवून तिथं जागा केली.
नळाचं पाणी रात्रभर बादलीत उघडं ठेवायचं,
औषधाचा वास उडाला की सकाळी वाटीनं
कडेकडेनं घालायचं, मधला गड्डा न भिजवता.
मातीत पहिल्या पेरापर्यंत बोट खुपसायचं,
गार लागलं तर थांबायचं.
थांबायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
निवृत्त माणूस दिवसातून चारदा बोट खुपसतो.

एप्रिलात हवा भाजल्या पापडासारखी झाली.
पानांची टोकं तपकिरी, हात लावला की चुरा.
ताटलीत खडे, खड्यांत पाणी, वर कुंडी,
तरी भागेना, म्हणून मी अंघोळीला गेलो
की तोही बरोबर, कोपऱ्यातल्या स्टुलावर,
वाफ खायला.
पासष्टाव्या वर्षी लाज वाटावी,
तीही एका झाडाची!

शेजारच्या दाणी वहिनी बघून गेल्या.
"फूल?" नाही.
"फळ?" नाही.
"देवाला नाही, आमटीत नाही,
मग करतं काय हे दिवसभर?"
उलगडतं, म्हटलं.
आणि दाखवलं: मधोमध, लवेत गुरफटलेली
चकलीएवढी एक हिरवी गुंडाळी.
दोन दिवसांत जेमतेम अर्धा वेढा सुटतो.
वहिनींचा कुकर लागलेला होता.

गणपतीच्या सुमारास पानांच्या पाठीवर
ठिपके दिसले. तपकिरी, उठावदार.
कीड, दुसरं काय!
साबणाचं पाणी, कापसाचा बोळा,
एक पान पुसून स्वच्छ केलं,
दुसरं निम्म्यावर आलं
आणि हात आपोआप थांबला.

एकतीस वर्षं प्रेसमध्ये नोटांचे ताव तपासले मी.
पुढची बाजू, मागची बाजू,
शाई कुठं सरकली, रेघ कुठं तुटली,
डोळ्यांआधी बोटांना कळायचं.
इथं बोटांना चूक सापडेना.
शिरेच्या दोन्ही अंगांना एकेक रांग,
अंतर सारखं, आकार सारखा,
शेंड्याकडे बारीक होत गेलेला, पण बेतानं.
कीड इतकी सरळ बसत नाही.
रोगाला समास सोडता येत नाही.

फोन लावला. सिस्टर रात्रपाळीला,
मागं कुणाचं तरी बाळ रडत होतं.
"काका, त्यातूनच पुढचे नेचे येतात.
बी नाही म्हणायचं त्याला, धूळच ती.
पुसलंत का?"
दीड पान, म्हटलं.
ती एवढी हसली की बाळ गप्प झालं.

आमच्याकडे चुकलेला ताव बाजूला निघायचा,
नोंद व्हायची, सही व्हायची,
मग त्याचं काय करायचं ते ठरलेलं असायचं.
हे दीड पान मी अजून कापलेलं नाही.
पुढून इतर पानांसारखंच दिसतं,
पाठीमागं कोरं.

परवा कुंडीखाली पांढरा कागद पसरला.
आज सकाळी त्यावर
दालचिनीच्या पुडीसारखं काहीतरी सांडलेलं,
पानाचीच नक्षी, अंधुक, दोन दोन रांगांत.
भिंग घेऊन बसलो, आकडा लावायला गेलो.
खिडकीतून जरा वारा आला.
कागद तसाच धरून ठेवलाय
श्वास रोखून,
आणि चहा उतू जातोय.